कच्च्या वहीची निगा : संगणकात मागे राहणाऱ्या तात्पुरत्या फायली

ज्या घरात संगणकावर चार ओळी टंकित केल्या जात नाहीत, असे घर आज आपल्या समाजात विरळाच. विवाहेच्छू मुलामुलींचा परिचय, संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, पेढीचे पत्र, चातुर्मासातील कार्यक्रमांची पत्रिका, वाटणीपत्राचा मसुदा, वडीलधाऱ्यांच्या आठवणी हे सारे आता वर्डसारख्या लेखन-प्रणालीत तयार होते. ज्या फोल्डरमध्ये हे लेखन जतन होते, तेथे कधीकधी आपण न बनवलेल्या काही फायली दिसू लागतात. एखादीच्या नावाआधी ‘~$’ अशी चिन्हे असतात, एखादीच्या नावाशेवटी ‘.टीएमपी’ असते. त्या उघडत नाहीत आणि उघडल्याच तर अगम्य अक्षरे दाखवतात. मग कोणी म्हणतो व्हायरस आला, कोणी घाईने सारे पुसून टाकतो, तर कोणी वर्षानुवर्षे तसेच पडू देतो.

यांपैकी कोणतीच प्रतिक्रिया योग्य नव्हे. या फायलींपैकी काही निरुपयोगी असतात, काही आपले हरवलेले लेखन परत देऊ शकतात आणि काही आपल्या घरातील खासगी गोष्ट परक्याच्या हाती देऊ शकतात. कोणती कोणत्या जातीची, हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

कच्ची वही कशासाठी?

आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपले जात. सायंकाळी मेळ बसला की तेच रोजमेळात आणि खतावणीत स्वच्छ अक्षरात उतरत. कच्ची वही ही चुकीची वही नव्हती. पक्क्या वहीत खाडाखोड होऊ नये, यासाठीची ती व्यवस्था होती. लेखन-प्रणाली नेमके हेच करते.

पूर्वी याला आणखी एक कारण होते. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा यांत्रिकीकरणावरील अहवाल १९८४ मध्ये आला आणि त्यानंतर बँकांच्या शाखांत खतावणीची यंत्रे व संगणक येऊ लागले. त्या काळच्या संगणकांची स्मृती इतकी अपुरी होती, की मोठा दस्तऐवज एकाच वेळी तिच्यात मावत नसे. म्हणून त्याचा काही भाग डिस्कवर तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवून काम चालवावे लागे. १९७८ मध्ये आलेली वर्डस्टार ही प्रणाली तर प्रत्येक वेळी जतन करताना आधीची प्रत ‘.बॅक’ नावाने बाजूला ठेवीत असे. वर्डची पहिली आवृत्ती १९८३ ची. तेव्हापासून आजवर स्मृती हजारो पटींनी वाढली, तरी तात्पुरत्या फायली गेल्या नाहीत, कारण त्यांचा मुख्य हेतू सुरक्षितता हा आहे.

आपण ‘सेव्ह’ म्हणतो, तेव्हा वर्ड जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. ते सुधारित मजकुराची नवी तात्पुरती फाइल तयार करते. ती पूर्ण झाली की जुनी प्रत बाजूला सारते आणि नव्या फाइलला मूळ नाव देते. मध्येच काही बिघडले, तर जुनी किंवा नवी यांपैकी एक तरी प्रत शिल्लक राहावी, हा त्यामागचा विचार. सारे सुरळीत पार पडले आणि आपण वर्ड नीट बंद केले, की ते स्वतःच आपला पसारा आवरते. ही आवराआवर अर्धवट राहिली, तरच फाइल मागे उरते.

चार मुख्य प्रकार

पहिला प्रकार ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणाऱ्या फाइलचा. तिला आपण ताबा-फाइल म्हणू. आपण एखादा दस्तऐवज उघडला, की त्याच फोल्डरमध्ये ही लपलेली फाइल तयार होते. साधारणतः मूळ नावाची पहिली दोन अक्षरे जाऊन तेथे ही चिन्हे बसतात. तिचा आकार अवघा १६२ बाइट असतो आणि तिच्यात दस्तऐवज कोणी उघडला आहे, त्याचे नाव असते. आपल्या लेखनातील एक शब्दही तिच्यात नसतो. लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांना अशीच ‘.~लॉक’ने सुरू होणारी फाइल दिसेल.

दुसरा प्रकार जतन करतानाच्या फायलींचा. यांची नावे ‘~डब्ल्यूआरडी’ किंवा ‘~डब्ल्यूआरएल’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात, पुढे चार आकडे-अक्षरे आणि शेवटी ‘.टीएमपी’ असते. ‘डी’वाली फाइल बहुधा नव्याने लिहिलेली प्रत असते आणि ‘एल’वाली बाजूला सारलेली जुनी प्रत. यांच्यात संपूर्ण लेखन असू शकते, म्हणून या कधीही न पाहता पुसू नयेत.

तिसरा प्रकार स्वयं-जतन फायलींचा, ज्यांच्या नावाशेवटी ‘.एएसडी’ असते. आपण काही सांगितले नाही, तर वर्ड दर दहा मिनिटांनी अशी प्रत घेते. ती आपल्या फोल्डरमध्ये न ठेवता वर्डच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. वर्ड नीट बंद झाले, की ती नाहीशी होते.

चौथा प्रकार विंडोजच्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये साचणाऱ्या किरकोळ फायलींचा. चित्र चिकटवले, मोठा मजकूर कापून दुसरीकडे नेला, अशा वेळी त्या निर्माण होतात. काम संपल्यावर त्यांचा काही उपयोग नसतो.

मागे का राहतात?

खानदेशात याचे पहिले कारण वीज. वैशाखातील दुपारी असो वा पावसाच्या पहिल्या सरीत, वीज जाणे जळगाव-धुळ्याच्या रहिवाशांना नवे नाही. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून आपण निश्चिंत असतो; परंतु साध्या इन्व्हर्टरला वीज बदलण्यास जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात मेजावरचा संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटण असते. संगणक त्यावर चालत असेल, तर ते त्या बाजूस ठेवावे किंवा संगणकापुरता छोटा यूपीएस घ्यावा. दुसरे कारण पेन ड्राइव्ह. फाइल थेट पेन ड्राइव्हवर उघडून काम करणे आणि वर्ड बंद न करताच तो उपसणे, ही सवय जवळपास सर्वत्र आढळते. लेखन आधी संगणकावर उतरवावे, तेथे काम करावे आणि शेवटी प्रत पेन ड्राइव्हवर न्यावी.

तिसरे कारण संस्थांच्या कार्यालयांत दिसते. चार संगणक एकाच सामायिक फोल्डरवर काम करत असतात. सावधगिरी म्हणून तेथे लिपिकाला लिहिण्याची परवानगी देतात, पण पुसण्याची देत नाहीत. हेतू चांगला, परंतु वर्डला जतन करताना जुनी प्रत हटवावी आणि नाव बदलावे लागते. पुसण्याचा अधिकारच नसेल, तर प्रत्येक जतनागणिक एकेक ‘.टीएमपी’ फाइल साचत जाते. अशा ठिकाणी बदल करण्याची पूर्ण परवानगी द्यावी आणि दस्तऐवजांच्या रक्षणासाठी रोजची वेगळी प्रत ठेवावी. कधी व्हायरस-प्रतिबंधक प्रणाली फाइल तपासण्यासाठी धरून ठेवते, त्यामुळेही वर्डला ती पुसता येत नाही.

‘दुसऱ्या व्यक्तीने उघडली आहे’

धुळ्यातील एका विश्वस्त संस्थेत वार्षिक अहवालाची फाइल उघडताना ती दुसऱ्या व्यक्तीच्या वापरात असल्याची सूचना येई आणि वापरकर्ता म्हणून आधीच्या चिटणीसांचे नाव दिसे. त्यांनी पद सोडून काही महिने लोटले होते. लेखापरीक्षण तोंडावर आलेले, त्यात हा प्रकार, म्हणून कार्यकारिणीत साहजिकच कुजबुज सुरू झाली. त्यांना अजूनही प्रवेश आहे काय, ते घरून आकडे पाहतात काय, अशा शंका निघाल्या. प्रत्यक्षात जुन्या संगणकावर ऑफिस प्रणाली बसवताना त्यांचे नाव घातले गेले होते आणि ते कधी बदललेच नव्हते. वीज गेल्यावर त्याच नावाची ताबा-फाइल मागे उरली होती. १६२ बाइटच्या एका फाइलपायी एका सज्जन माणसाकडे बोट दाखवले जाण्याची वेळ आली होती.

उपाय सोपा आहे. प्रथम सर्व संगणकांवरील वर्डच्या खिडक्या बंद कराव्यात. टास्क मॅनेजर उघडून वर्ड पडद्याआड चालू राहिलेले नाही ना, ते पाहावे; असल्यास तेथून बंद करावे. मग फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडावा. फिकट दिसणारी ‘~$’ फाइल पुसावी आणि मूळ दस्तऐवज उघडावा. वर्डच्या ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’मध्ये वापरकर्त्याचे नाव असते, पदाधिकारी बदलल्यावर खात्याच्या सह्यांबरोबर हे नावही बदलावे. दस्तऐवज खरोखरच दुसऱ्या संगणकावर उघडा असेल, तर ताबा-फाइल मुळीच पुसू नये. तसे केल्यास दोघांचे बदल एकमेकांवर कुरघोडी करतील.

हरवलेला मजकूर शोधताना

लेखन हरवल्यावर पहिला नियम असा की, त्या संगणकावर वा पेन ड्राइव्हवर नवे काही लिहू नये आणि कोणतीही सफाई करू नये. नंतर वर्ड उघडावे. पुष्कळदा डाव्या बाजूस वाचवलेल्या प्रतींची यादी आपोआप येते. न आल्यास ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या मार्गाने जतन न केलेल्या दस्तऐवजांकडे जावे. अशा प्रती साधारण चार दिवसच राखल्या जातात, म्हणून विलंब नको. तेथेही नसेल, तर मूळ फोल्डरमध्ये ‘~डब्ल्यूआर’ने सुरू होणाऱ्या फायली शोधाव्यात. त्यांची प्रत दुसरीकडे काढावी आणि त्या प्रतीच्या नावाशेवटी मूळ दस्तऐवजाप्रमाणे ‘.डॉक’ किंवा ‘.डॉकएक्स’ लावून उघडून पाहावे. मूळ ‘.टीएमपी’ फाइलला हात लावू नये.

मराठीच्या बाबतीत एक विशेष अडचण येते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान असले, तरी आपल्याकडे छपाईचे काम दीर्घकाळ श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींच्या जुन्या फॉन्टमध्ये होत आले आणि काही ठिकाणी अजूनही होते. या फॉन्टमध्ये संगणक आतून रोमन अक्षरेच साठवतो, फक्त त्यांना देवनागरी आकार चढवतो. फॉन्टची माहिती निघून गेली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो.

जळगावातील एका परिचित कुटुंबात हेच घडले. मारवाडातून खानदेशात आलेल्या आपल्या घराण्याची हकीकत आजोबा सांगत आणि नात टंकित करत असे. हस्तलिखित काहीच नव्हते. आजोबा निवर्तले. त्यानंतर वर्षश्राद्धाच्या सुमारास ती फाइल पेन ड्राइव्हवर उघडून जतन करताना वीज गेली. मूळ फाइल शून्य आकाराची झाली; शेजारी एक ‘~डब्ल्यूआरएल’ फाइल तेवढी होती. नाव बदलूनही ती उघडेना. दुरुस्ती करणाऱ्याने वर्डमधील ‘कोणत्याही फाइलमधून मजकूर मिळवा’ हा पर्याय वापरला, तेव्हा पानेच्या पाने निरर्थक रोमन अक्षरे आली. “ही खराब झाली, पुसून टाका,” असा सल्ला मिळाला.

पुसण्याआधी त्या कुटुंबाने विचारणा केली, हे चांगले झाले. सारा मजकूर निवडून त्याला मूळचा जुना मराठी फॉन्ट लावताच पहिल्याच ओळीत आजोबांच्या मूळ गावाचे नाव वाचता आले. परिच्छेद मोडले होते, मध्येमध्ये भलती चिन्हे शिरली होती, आणि ही आधीची प्रत असल्याने शेवटची दोन-अडीच पाने कायमची गेली. बाकीची हकीकत मात्र हाती आली. पुढे तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून प्रत्येक भावाच्या घरी तिची एकेक प्रत देण्यात आली. हा मार्ग जुन्या ‘.डॉक’ फायलींनाच लागू पडतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. २००७ पासून आलेली ‘.डॉकएक्स’ फाइल आतून दाबून बांधलेली असल्याने तिच्यातून असा सुटा मजकूर निघत नाही. तिच्यासाठी वर्डचा ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय आहे.

परक्या संगणकावर राहिलेली कागदपत्रे

आता दुसरी बाजू. परिचय-पत्रिकेत मुलीचे नाव, जन्मतारीख, छायाचित्र, वडिलांचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक असतो. मृत्युपत्राच्या मसुद्यात कोणाला काय द्यायचे, हे असते. ही कामे आपण टंकलेखनाच्या दुकानात करवून घेतो आणि मुख्य फाइल आपल्यासमोर पुसायला लावून समाधानाने परततो. दुकानदार प्रामाणिक असला, तरी ई-मेलमधून थेट उघडलेल्या फाइलची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये, व्हॉट्सॲपवरून घेतलेल्या फाइलची प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये आणि पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये असू शकते.

ही भीती काल्पनिक नव्हे. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाने इराकविषयीचा एक दस्तऐवज वर्डच्या स्वरूपात संकेतस्थळावर ठेवला होता. त्यातील बराचसा मजकूर एका संशोधकाच्या लेखातून उचललेला असल्याचे केंब्रिजचे ग्लेन रंगवाला यांनी दाखवून दिले. संगणक-तज्ज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी त्याच फाइलच्या पोटातून शेवटच्या दहा जतनांची नोंद बाहेर काढली. फाइल कोणाकोणाच्या हातून गेली, टेम्प फोल्डरमध्ये आणि फ्लॉपीवर केव्हा होती, इतकेच नव्हे तर तिची स्वयं-जतन प्रत कोठे होती, हेही त्यात होते. पुढे संसदेच्या समितीपुढे पंतप्रधानांच्या माध्यम-प्रमुखांना या नावांविषयी उत्तरे द्यावी लागली. बलाढ्य सरकारच्या कचेरीत जे घडले, ते आपल्या गल्लीतील दुकानात घडणे अशक्य नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. संवेदनशील मसुदा शक्यतो घरच्या संगणकावर करावा. दुकानात न्यायचाच, तर छपाईपुरती पीडीएफ न्यावी. काम संपल्यावर ‘डाउनलोड्स’ आणि रिसायकल बिन रिकामे झाल्याची खात्री करावी. ई-मेल व व्हॉट्सॲपमधून बाहेर पडावे. वर्डची फाइल दुसऱ्यास पाठवण्यापूर्वी ‘इन्फो’मधील ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवावे. तेथे लेखकाचे नाव, टिपणे व जुन्या दुरुस्त्या काढता येतात.

सफाईची रीत

बँकेत सस्पेन्स खाते, म्हणजेच उचंत खाते, असते. ज्या रकमेचे खाते त्या क्षणी ठरत नाही, ती तेथे नोंदवतात. तपासणीस आलेला अधिकारी या खात्यातील प्रत्येक नोंद किती जुनी, कोणाची आणि का राहिली, एवढे विचारतो. सरसकट सारे पुसा, असे तो कधी म्हणत नाही. तात्पुरत्या फायलींनाही हेच तीन प्रश्न विचारावेत.

महिन्यातून एकदा सर्व लेखन जतन करावे, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि वर्ड न उघडता फोल्डर पाहावे. आता जी ‘~$’ फाइल दिसेल ती निश्चितपणे अनाथ होय, ती पुसावी. ‘~डब्ल्यूआर’ फायलींच्या तारखा पाहाव्यात. मूळ दस्तऐवज नीट उघडतो आणि त्यात अखेरपर्यंतचा मजकूर आहे, याची खात्री झाल्यावरच त्या काढाव्यात. टेम्प फोल्डरसाठी विंडोज व आर ही बटणे एकत्र दाबून ‘%टेम्प%’ हा शब्द इंग्रजीत लिहावा. तेथील आठवड्याहून जुन्या फायली पुसण्यास हरकत नाही. वापरात असलेली फाइल विंडोज पुसू देत नाही, तेव्हा ‘स्किप’ म्हणून पुढे जावे. विंडोज १० व ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’ या मार्गाने ही सफाई आपोआप होते. परंतु तेथील यादीत ‘डाउनलोड्स’ हेही एक नाव असते. त्यापुढे खूण केल्यास आपण उतरवून ठेवलेली बिले व प्रमाणपत्रेही जातील, म्हणून ती खूण करू नये.

वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या पानावर दहा मिनिटांच्या जागी तीन मिनिटे करावीत आणि जतन न करता बंद केल्यास शेवटची प्रत राखण्याचा पर्याय निवडावा. महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावीच, कारण स्वयं-जतन हा त्याला पर्याय नव्हे.

आपल्या धुळे शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले आणि त्यांचा अमूल्य संग्रह त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने येथेच सांभाळला. गावोगाव हिंडून त्यांनी जी दप्तरे मिळवली, त्यांना अनेक घरांत रद्दीचीच किंमत होती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे खंड अशाच कागदांतून उभे राहिले. आपल्या घरातील आजोबांची हकीकत त्या तोलाची नसेल. पण ती कोठे आहे आणि कोणत्या फॉन्टमध्ये आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. या रविवारी अर्धा तास काढून मुलांसह आपले फोल्डर एकदा पाहावे आणि त्यातील महत्त्वाचे लेखन युनिकोडमध्ये आणून त्याच्या दोन प्रती कराव्यात, एवढीच विनंती.